चाकणच्या चौकातला वाद

पहिली पाळी सुटली आहे. चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्गाला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो, तिथे सगळं ठप्प आहे. नव्या मोटारी लादलेला ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बस, फटींतून घुसणाऱ्या दुचाक्या. टपरीसमोर कामगार खोळंबलेत, मीही त्यांच्यात.

“ही बाहेरची पोरं राहायला आली अन् कोंडी सुरू झाली,” पांढऱ्या टोपीतले काका म्हणतात.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पोरं आली त्याच काळात कारखाने वाढले, कंटेनर वाढले. एकामागून दुसरं घडलं, एवढ्यावरच काका कारण ठरवतायत.

एक तरुण चहाचा ग्लास खाली ठेवतो. “काका, एमआयडीसीला जमिनी तुम्हीच दिल्या ना? मग आता कशाला बोलता?”

उत्तर झोंबणारं आहे, पण कोंडीबद्दल त्यात अवाक्षर नाही. जमीन कोणी दिली यावरून काकांचं म्हणणं खरं किंवा खोटं ठरत नाही. मुद्दा सुटला, माणूस धरला गेला.

“म्हणजे आम्हाला हाकलून द्यायचं म्हणता?” दुसरा विचारतो. काका तसं म्हणालेच नव्हते. न बोललेलं वाक्य तोंडी घातलं गेल्यावर त्यांचा चेहरा लाल होतो, आवाज चढतो. भांडणं इथेच पेटतात.

क्वालिटी विभागातली एक ताई मध्ये पडते. “काका, परवा आमच्या लाईनला होल सरकून यायला लागलं. सगळे म्हणाले, नवा ऑपरेटर आलाय म्हणून. त्याला दुसऱ्या मशीनवर उभं केलं, तिथे माल ओके. जुना ऑपरेटर या मशीनवर आणला, तरी होल सरकलेलंच. फिक्श्चर बघितलं तर क्लॅम्प ढिला.”

सगळे ऐकतायत. टोयोटाच्या कारखान्यांत रुजलेली ‘का?’ पुन्हा पुन्हा विचारायची ही रीत इथल्या कामगारांच्या रोजच्या सरावाची आहे. सदोष पार्ट हातात आला की ती आठवते; माणसाचा विषय निघाला की मात्र निकाल आधी लागतो, आणि त्याची किंमत खोली शोधत फिरणारा एखादा नवखा पोरगा मोजतो. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, समोरच्याचं नुसतं खोडण्यासाठी वितंडा. या टपरीवर आतापर्यंत पहिला प्रकार सोडून बाकीचे दोन झाले.

“गुरुवारी आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी,” ताई म्हणते. “पोरं तर चाकणमध्येच असतात. तेव्हा कोंडी एवढी असते का?”

“नसते,” काका कबूल करतात. मग थांबून म्हणतात, “पण ताई, त्या दिवशी कंटेनरही कमी अन् पोरांच्या गाड्याही कमी. मग कशामुळे सुटली, ते कसं कळणार?”

आक्षेप अगदी बिनतोड आहे. तरुण मान डोलावतो. “बरोबर आहे काका. दोन्ही वेगवेगळं मोजायला पाहिजे.”

आत्ता कुठे वाद सुरू झाला आहे. कोणी हरलेलं नाही, कोणाचं गाव निघालेलं नाही. कोणत्या वेळी काय मोजायचं, यावर दोघंही हिरिरीने बोलतायत. चाकणला नव्या पुलाइतकीच अशा बोलण्याची गरज आहे.