कोर्टाने मागितलेले कागद दिले नाहीत, तर दावाच जातो? 'ऑर्डर ११, रूल २१' समजून घ्या

जमिनीच्या हिश्शासाठी दावा लावला, वकील दिला, तारखा सुरू झाल्या. मधेच कोर्टाने आदेश दिला की, वादीने या वादाशी संबंधित आपल्याकडचे सगळे कागद प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावेत. वादीने तिकडे लक्षच दिलं नाही. काही तारखांनंतर दावा डिसमिस झाला. जमीन कुणाची, हा प्रश्न कोर्टाने तपासलाही नाही.

असं खरंच होऊ शकतं का? हो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मध्ये तशी तरतूद आहे.

दोडामार्गसारख्या तालुक्यात हे माहीत असणं का गरजेचं?

१९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला दोडामार्ग हा गोव्याच्या हद्दीला लागून असलेला तालुका. इथे अनेक जमिनींचा सातबारा आजही सामाईक आहे. एकाच उताऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, पुतण्यांची नावं असतात. त्यातले काही गावात, काही मुंबईत, तर काही गोव्यात. वाटणीपत्र एकाच्या पेटीत, खरेदीखत दुसऱ्याच्या कपाटात आणि मोजणीचा नकाशा तिसऱ्याकडे.

समजा, मुंबईत राहणाऱ्या एकाने गावातल्या चुलत भावावर काजूच्या बागेतल्या हिश्शासाठी दावा लावला. भावाने कैफियत दिली की, "तुझ्या वडिलांनी हिस्सा सोडून पैसे घेतले. त्याचा कागद तुमच्याच घरात आहे." आता हा कागद बाहेर कसा काढायचा?

डिस्कव्हरी म्हणजे काय?

यासाठी संहितेत 'ऑर्डर ११' आहे. तिच्यात मुख्य तीन मार्ग आहेत.

- प्रश्नावली: कोर्टाच्या परवानगीने समोरच्याला लेखी प्रश्न विचारता येतात. उत्तर १० दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं.
- कागद जाहीर करणं: रूल १२ नुसार अर्ज केला की, वादाशी संबंधित कोणते कागद तुमच्याकडे आहेत, हे शपथेवर सांगण्याचा आदेश होऊ शकतो. यालाच वकील 'डिस्कव्हरी' म्हणतात.
- पाहणी: ते कागद बघण्याची आणि त्यांच्या नकला घेण्याची मुभा.

पुरावा म्हणून चालेल असाच कागद जाहीर करायचा, असं नाही. 'एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर' या १९७२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की, वादावर प्रकाश टाकणारा कागद असला तरी पुरे. मात्र मागणी गरजेची वाटली नाही, तर कोर्ट असा अर्ज नाकारूही शकतं.

आदेश पाळला नाही तर?

इथे रूल २१ लागू होतो. वादीने आदेश मोडला, तर त्याचा दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रतिवादीने मोडला, तर त्याचा बचाव खोडला जाऊ शकतो, म्हणजे त्याने कैफियत दिलीच नाही असं धरून खटला पुढे जातो.

वादीसाठी मोठा धोका पोटनियम २ मध्ये आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तो आला. या कारणाने दावा गेला, तर त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही.

हा फरक लक्षात घ्या. तारखेला वादी गैरहजर राहिला म्हणून दावा निकाली निघाला, तर सबळ कारण दाखवून तो पुन्हा बोर्डावर आणण्यासाठी अर्ज करता येतो. रूल २१ खाली गेलेल्या दाव्यात मात्र मुख्य वाट अपिलाचीच. ऑर्डर ४३ मध्ये त्या अपिलाची सोय आहे.

मग एक तारीख चुकली की सगळं संपलं?

नाही. समोरच्याला आधी अर्ज करावा लागतो. कोर्टाला नोटीस काढून दोघांचं म्हणणं ऐकावं लागतं. 'बब्बर सुइंग मशीन कंपनी विरुद्ध त्रिलोकनाथ महाजन' या १९७८ च्या प्रकरणात प्रतिवादीचा बचाव खोडण्यात आला होता. सुप्रीम कोर्टाने तो आदेश टिकू दिला नाही. मुद्दाम, हट्टाने आदेश धुडकावल्याचं दिसत असेल तेव्हाच, अगदी शेवटचा उपाय म्हणून ही शिक्षा वापरावी, असं कोर्टाने सांगितलं.

म्हणजे आजारपण, तलाठ्याकडून उतारा मिळायला झालेला उशीर, खरोखर न सापडणारा कागद ही एक बाब. चार तारखा गप्प बसणं ही वेगळी बाब.

अमेरिकेतही अशीच तरतूद आहे. तिथे एका हॉकी क्लबने नॅशनल हॉकी लीगवर दावा लावला होता. विचारलेल्या प्रश्नांना १७ महिने नीट उत्तरं दिली नाहीत म्हणून दावा काढून टाकण्यात आला. १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती कारवाई योग्य ठरवली. एकाला शिक्षा झाली नाही, तर उद्या इतरही आदेश टोलवतील, असा त्यामागचा विचार होता.

कागद जवळ नसेल तर काय करायचं?

लोक इथेच चुकतात. 'कागद नाही, मग देणार काय' म्हणून ते उत्तरच देत नाहीत. पण आदेश कागद पैदा करण्याचा नसतो, खरं काय ते शपथेवर सांगण्याचा असतो. प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यातच त्याची सोय आहे.

- जवळ असलेल्या कागदांची यादी द्या.
- एखादा कागद दाखवायला हरकत असेल, उदाहरणार्थ वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहार, तर कारणासह तसं लिहा.
- कागद पूर्वी होता, आता नाही, तर तो कधीपर्यंत होता आणि आता कुणाकडे आहे, ते सांगा.
- वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज द्या.

केस मुखत्यारपत्रावर गावातलं कुणी बघत असेल, तर प्रत्येक तारखेला काय आदेश झाला ते विचारा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख आणि टप्पा कळतो.

वरच्या उदाहरणातल्या मुंबईकराकडे तो कागद नसेलही. तसं त्याने शपथेवर लिहून दिलं, तर बागेत हिस्सा कुणाचा, हे कोर्ट पुराव्यावर ठरवेल. तो गप्प राहिला, तर हिस्सा खरा असूनही त्यासाठी पुन्हा दावा लावता येणार नाही.