अन्नपूर्णा सर्किट: फिट ट्रेकरलाही मनांग गावात एक दिवस का थांबावं लागतं?

रंगीबेरंगी पताकांनी झाकलेली एक पाटी, मागे बर्फ आणि समोर थकलेले पण खुश चेहरे. हा फोटो तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेला असेल. ही जागा म्हणजे नेपाळमधली थोरोंग ला खिंड. उंची ५,४१६ मीटर. 'ला' म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. तीन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी थोरोंग ला वर उरतेच.

फोटो बघून आपल्याकडचा सह्याद्रीत घडलेला ट्रेकर साहजिकच हिशोब मांडतो. राजगड-तोरणा एका दिवसात होतो, अलंग-मदन-कुलंग झालंय, मग हे का नाही? सुट्टी नऊ दिवसांची आहे. एजन्सीच्या कार्यक्रमात मनांग नावाच्या गावात एक पूर्ण दिवस 'विश्रांती' लिहिलीय. तो कापला की झालं!

कापायला सगळ्यात सोपा वाटतो तो हाच दिवस, आणि कापू नये तोही हाच. का, ते समजून घेऊ.

आधी वाट समजून घेऊ

अन्नपूर्णा सर्किट म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला घातलेली प्रदक्षिणा. मनांगचा भाग परदेशी ट्रेकर्ससाठी १९७७ मध्ये खुला झाला. तेव्हा गाडीरस्ता नव्हता आणि पूर्ण फेरीला अडीच-तीन आठवडे लागायचे.

वाट सुरू होते बेसीशहरपासून, साधारण ८०० मीटरवर. इथे भातशेती आणि केळीची झाडं दिसतात, कोकणातल्या एखाद्या गावात आल्यासारखं वाटतं. मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर जावं तसं सगळं बदलत जातं. चामेला (सुमारे २,६७० मीटर) पाइनची जंगलं लागतात. अप्पर पिसांगला (सुमारे ३,३०० मीटर) घरं दगडाची, छपरं सपाट आणि समोर अन्नपूर्णा-२ शिखर. पुढे न्गावल आणि मग मनांग, सुमारे ३,५४० मीटरवर. इथे पावसाळी ढग डोंगरांच्या पलीकडेच अडतात, त्यामुळे माळ कोरडा आणि शेतात जव नाही तर फापर, म्हणजे आपल्या उपवासाचा कुट्टू.

मनांगनंतर याक खर्क, थोरोंग फेदी (सुमारे ४,४५० मीटर), मग खिंड आणि पलीकडे एका दमात सोळाशे मीटरहून जास्त उतरून मुक्तिनाथ.

या वाटेवर तंबू पाठीवर न्यावा लागत नाही. दर दोन-तीन तासांवर गाव आणि गावात टीहाऊस, म्हणजे घरगुती लॉज. खोली स्वस्त असते, पण जेवण तिथेच घ्यायचं हा अलिखित नियम. जेवण म्हणजे बहुतेक वेळा दाल-भात, आणि तोही पोट भरेपर्यंत वाढतात. ही गावं जवळजवळ आहेत म्हणूनच हळूहळू उंची गाठत जाणं शक्य होतं.

वर गेल्यावर ऑक्सिजन कमी होतो म्हणजे नेमकं काय?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत २१ टक्के आणि थोरोंग ला खिंडीतही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. मनांगला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि खिंडीत जवळपास निम्मा. म्हणजे खिंडीत एक श्वास घेतला की मुंबईतल्या श्वासाच्या निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन आत जातो.

शरीर यावर लगेच उपाय शोधतं, श्वास जोरात आणि भराभर घेतं. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्त थोडं अल्कलीधर्मी होतं. मग मेंदू म्हणतो, श्वास कमी कर. एकीकडून वेग वाढवायचा हुकूम आणि दुसरीकडून ब्रेक! पहिल्या एक-दोन रात्री झोपेत श्वास थांबून एकदम मोठा श्वास येतो आणि माणूस दचकून उठतो, तो याच ओढाताणीमुळे.

हा ब्रेक सोडवायचं काम करतात मूत्रपिंडं. ती रक्तातलं जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात. वर गेल्यावर सारखं लघवीला जावं लागतं ते यामुळे, आणि ते चांगलं लक्षण आहे. पण या कामाला तास नाही, दिवस लागतात. मनांगचा तो रिकामा वाटणारा दिवस मूत्रपिंडांच्या कामाचा दिवस असतो.

रोज जिम, हाफ मॅरेथॉन, दर रविवारी गड, यातून पाय आणि दम तयार होतो. ही रासायनिक जुळवाजुळव त्यातून होत नाही. उलट फिट माणूस वेगाने वर जातो, आणि शरीराला वेळ मिळण्याआधीच जास्त उंचीवर पोचलेला असतो.

मग स्थानिकांना का त्रास होत नाही?

तिबेटी पठारावर आणि आसपास हजारो वर्षं राहिलेल्या समाजांच्या शरीरात वेगळे बदल झालेत. ईपीएएस१ नावाच्या जनुकाचं त्यांच्यातलं रूप वेगळं आहे, हे २०१० मध्ये समोर आलं. त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही त्यांचं रक्त फाजील घट्ट होत नाही.

पण तुमची बॅग उचलणारा पोर्टर याच समाजातला असेल असं नाही. बरेच पोर्टर खालच्या डोंगरातल्या गावांतून कामाला आलेले असतात. त्यांना उंचीचा त्रास तुमच्याइतकाच होतो. अंगावर जॅकेट बेताचं, पायात साधे बूट, आणि डोकं दुखतंय म्हटलं तर रोज बुडेल ही भीती. त्यामुळे ते बोलत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी पोर्टर दादाला 'डोकं दुखतंय का, जेवलास का' हे विचारणं हे ग्रुपचंच काम आहे.

उंचीचा त्रास ओळखायचा कसा?

याचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

१. साधा त्रास, म्हणजे एएमएस. डोकेदुखी, आणि जोडीला मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा विलक्षण थकवा. बऱ्याच जणांना होतो. नियम सोपा आहे: लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली.

२. मेंदूला सूज, म्हणजे हेस. माणूस बरळतो, विचित्र वागतो, चालताना झोकांड्या जातात. घरच्या घरी करता येणारी चाचणी म्हणजे एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट बघायची नाही.

३. फुप्फुसात पाणी, म्हणजे हेप. नुसतं बसलेलं असतानाही धाप, खोकला, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी. डोकं न दुखताही हे होऊ शकतं, त्यामुळे 'नुसता खोकला आहे' म्हणून सोडून देऊ नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात काही तासांत जीव जाऊ शकतो. ऑक्सिजन आणि औषधं मदत करतात, पण खरा उपाय एकच, खाली उतरवणं. रात्र असली तरी, आणि कधीही एकट्याला नाही, सोबत देऊनच.

मनांगमध्ये त्या दिवशी करायचं काय?

दिवसभर रजईत पडून राहायचं नाही. 'चढा वर, झोपा खाली' हे सूत्र. सकाळी गंगापूर्णा तलावाच्या वरच्या धारेवर किंवा प्राकेन गोंपापर्यंत हळूहळू चढायचं, थोडा वेळ थांबायचं आणि झोपायला मनांगलाच परत यायचं.

दुपारी तीन वाजता मात्र एक ठिकाण चुकवू नका. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली आणि १९८१ पासून मनांगमध्ये तिचं आरोग्य केंद्र आहे. ट्रेकिंगच्या दोन्ही हंगामांत, म्हणजे वसंतात आणि शरदात, इथे स्वयंसेवक डॉक्टर असतात आणि रोज दुपारी उंचीच्या आजारांवर मोफत माहिती देतात. पुढच्या तीन दिवसांत काय होऊ शकतं, हे डॉक्टरांकडून समोरासमोर ऐकायला मिळतं.

उरलेल्या वेळात गाव बघा. मनांगचे लोक शेतीवर विसंबून कधीच नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपाळच्या राजाकडून त्यांना व्यापाराच्या सवलती मिळाल्या, आणि ही डोंगरातली माणसं पुढे बर्मा, बँकॉक, सिंगापूरपर्यंत व्यापार करून आली. आज बरीच घरं बंद दिसतात, कारण कुटुंबं काठमांडूला गेलीत.

रस्ता आला आणि धोका वाढला

आता बेसीशहरहून मनांगपर्यंत जीप जाते. गावकऱ्यांसाठी ही मोठीच सोय. आजाऱ्याला खाली नेता येतं, गॅस सिलिंडर आणि तांदूळ वर येतो. पण ट्रेकरसाठी याचा अर्थ असा की सकाळी ८०० मीटरवर निघालेला माणूस रात्री साडेतीन हजार मीटरवर झोपू शकतो. पूर्वी सहा-सात दिवस चालण्यात शरीराला जो वेळ आपोआप मिळायचा, तो आता मुद्दाम काढावा लागतो.

डॉक्टरांचा ढोबळ नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. जीपने जायचंच असेल तर चामेला उतरा आणि तिथून चाला.

हीच गोष्ट मुक्तिनाथच्या यात्रेला लागू होते. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक यात्रेकरू तिथे जातात, त्यात ज्येष्ठ मंडळी जास्त. पोखरा सुमारे ८०० मीटरवर. तिथून विमानाने जोमसोम आणि जीपने मुक्तिनाथ, म्हणजे अर्ध्या दिवसात जवळपास ३,७०० मीटर. वर पायऱ्या, १०८ धारांचं बर्फासारखं पाणी आणि अनेकांचा उपवास. आई-बाबा जाणार असतील तर डॉक्टरांना आधी दाखवा, वाटेत जोमसोम किंवा मार्फाला एक रात्र राहू दे, आणि दर्शनानंतर त्याच दिवशी खाली येऊ दे.

१४ ऑक्टोबर २०१४ ला काय झालं होतं?

घाई न करण्याचं दुसरं कारण हवामान. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचे उरलेले ढग दोन दिवसांत हिमालयात पोचले आणि ऐन हंगामात थोरोंग ला परिसरात तुफान बर्फ पडला. अन्नपूर्णा आणि धौलागिरी भागात मिळून किमान ४३ लोक गेले. त्यात परदेशी ट्रेकर होते, भारतीय होते, आणि नेपाळी गाईड, पोर्टर, स्थानिक माणसंही होती. थोरोंग ला इथले बरेच जण खिंड ओलांडून मुक्तिनाथच्या बाजूला उतरताना सापडले. वाट बर्फाखाली गेली होती आणि पुढचं काही दिसत नव्हतं.

बंगालच्या उपसागरात वादळ आहे ही बातमी आधीपासून होती. पण ज्याच्याकडे एकही जादा दिवस नाही, तो फेदीला 'उद्या बघू' म्हणू शकत नाही. परतीचं तिकीट त्याला वर ढकलतं.

जायचं ठरवलंत तर एवढं करा

- मनांगचा थांबा ठेवाच, आणि त्याशिवाय खिंडीसाठी दोन जादा दिवस हातात ठेवा. नऊ दिवसच मिळत असतील तर वेगळा, कमी उंचीचा ट्रेक निवडा. ३,२१० मीटरचा पून हिल त्याच भागात आहे आणि अप्रतिम आहे.
- डायमॉक्स हे औषध मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करवतं. प्रौढांसाठी प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतो, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.
- डोकेदुखीवर गोळी घेऊन वर चढू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा.
- खिंडीत दुपारकडे वारा वाढतो, म्हणून फेदीहून पहाटेच निघतात. घोडा मिळतो, पण घोड्यावर बसून फक्त पाय वाचतात. उंची तेवढीच राहते.
- एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्ससाठी परवानाधारक गाईडचा नियम आणलाय. परमिट आणि गाईडचे ताजे नियम निघण्याआधी तपासा.
- विमा घेताना तो किती मीटरपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च देतो का, ते वाचा.
- ग्रुपमध्ये निघण्याआधीच ठरवा: एकाला त्रास झाला तर त्याच्यासोबत कोण खाली येणार. वर गेल्यावर हा प्रश्न विचारला की सगळे बुटांच्या लेस बांधायला लागतात.

तुमच्या ओळखीत कुणी या ऑक्टोबरला निघत असेल तर त्याचा कार्यक्रम मागवून घ्या आणि फक्त एकच गोष्ट बघा, मनांगच्या पुढे किती रात्री लिहिल्यात. एकच असेल, तर बॅग भरायच्या आत फोन करा.