औषध तेच, रुग्ण वेगळे

2007 साली दम्यावरचं एक नवं औषध मोडीत निघण्याच्या बेतात होतं. मेपोलिझुमॅब त्याचं नाव. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना वाढवणारा आणि जगवणारा इंटरल्युकिन-5 हा रेणू पकडून ठेवायचा, हे या प्रतिपिंडाचं काम. ते काम ते चोख करत होतं. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी भराभर कमी होत होत्या. दमा मात्र होता तिथेच होता. 362 रुग्णांवरच्या चाचणीत ना फुफ्फुसाची ताकद वाढली, ना धाप कमी झाली. या पेशींचा दम्याशी खरंच संबंध आहे का, अशी शंका तेव्हा बळावली. मग मार्च 2009 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या दोन गटांचे निकाल एकाच वेळी छापून आले. औषध तेच होतं आणि रुग्ण अगदी थोडे, एका ठिकाणी 61, दुसरीकडे 20. पण हे रुग्ण पारखून घेतलेले होते. स्टिरॉइड चालू असूनही त्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल सापडत होत्या. लेस्टरच्या रुग्णांना तर दम्याचे जोराचे अटॅकही वारंवार येत होते. तिथे खोटं औषध घेणाऱ्यांना वर्षभरात सरासरी 3.4 अटॅक आले, खरं घेणाऱ्यांना 2.0. हॅमिल्टनमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या कमी करता आल्या.

माझ्या मते नेमक्या उपचाराचं सगळं मर्म या दोन वर्षांच्या अंतरात आहे. औषधात काहीच बदललं नव्हतं. ते कुणाला द्यायचं आणि कशासाठी, हे बदललं होतं. खंत याची, की हा धडा दम्याने पूर्वी एकदा शिकवला होता. 1956 साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत जुनाट दम्यावर कॉर्टिझोन या स्टिरॉइडचा फारसा फायदा दिसला नाही. डर्बीतल्या हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक घेतला, रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरला आणि पाहिलं. इओसिन या रंगाने लालसर उठून दिसणाऱ्या कणीदार पेशी ज्यांच्या बेडक्यात होत्या, त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागू पडत होतं. ज्यांच्यात नव्हत्या, त्यांना नाही. हे त्यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलं. दोन्ही प्रकारचे रुग्ण एका सरासरीत कालवले, की चांगलं औषधही निकामी ठरतं.

कारण दमा हे एका आजाराचं नाव नाही. श्वासनळ्या आखडणं हे वरून दिसणारं लक्षण. आत कुणाची सूज इओसिनोफिलची असते, कुणाची न्यूट्रोफिलची, कुणात सूज नावालाच. छातीला नळी लावून हा भेद ऐकू येत नाही, तो मोजावाच लागतो. लेस्टरमध्येच 2002 साली 74 रुग्णांवर हे पडताळून पाहिलं होतं. निम्म्यांचे उपचार नेहमीच्या पद्धतीने ठरवले, निम्म्यांचे बेडक्यातल्या इओसिनोफिल मोजून. पहिल्या गटात वर्षात 109 मोठे अटॅक आले, दुसऱ्यात 35. आणि यात एकही नवं औषध नव्हतं!

यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की ही नेमकेपणाची भाषा जरा मोठीच आहे. 2014 च्या 576 रुग्णांच्या चाचणीतही मेपोलिझुमॅबने अटॅक निम्म्यावर आले, थांबले नाहीत. खरं आहे. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत रोजच्या स्टिरॉइड गोळीचा डोस मध्यकानुसार निम्मा झाला. मधुमेह, ठिसूळ हाडं आणि मोतीबिंदू ही या गोळीची किंमत जाणणाऱ्याला हे यश लहान वाटणार नाही. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: जंत आणि हत्तीरोगाचे परजीवी असले तरी इओसिनोफिल वाढतात. म्हणूनच आकडा वाढलेला दिसला की थेट इंजेक्शनकडे धावणं चूक. आधी परजीवी शोधून त्यांचा बंदोबस्त व्हायला हवा. तिसरा आक्षेप किमतीचा. दर चार आठवड्यांनी घ्यायचं हे इंजेक्शन सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, आणि याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मात्र महाग आहे ते औषध, तपासणी नव्हे. रक्तातल्या इओसिनोफिलची मोजणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. महागडं औषध ज्याला लागू पडणार नाही त्याला न देणं, हीसुद्धा बचतच.

मोजणी आणि औषध या दोन्हींच्या आधी आणखी एक पायरी आहे. हाताबाहेर गेलेला वाटणारा दमा पुष्कळदा पंप चुकीच्या पद्धतीने ओढल्यामुळे किंवा मध्येच सोडल्यामुळे तसा झालेला असतो. ते तपासल्याशिवाय त्याला तीव्र दमा म्हणूच नये. पण पंप नीट आणि नियमित घेऊनही वर्षातून दोनदा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागत असेल, तर जुने रक्ताचे रिपोर्ट शोधा आणि छातीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. गोळ्या सुरू होण्याआधीचा रिपोर्ट असेल तर तो आवर्जून दाखवा, कारण स्टिरॉइड पोटात गेलं की इओसिनोफिलचा आकडा खाली येतो.