बिनपाटीचं रोप

घरची बाग : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण बाल्कनीत कुठे किती ऊन येतं ते पाहिलं आणि कुंड्यांच्या जागा ठरवल्या. आता रोपं आणायची. घोडं अडतं ते इथेच, कारण आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांमध्ये रोपाला पाटी नसते. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशी उभे राहा. काळ्या पिशव्यांच्या रांगा त्याच. ‘हे कसलं हो?’ म्हटलं की ‘शोचं आहे ताई’, ‘फुलाचं आहे’, ‘बारमाही आहे, घेऊन जा’ अशी उत्तरं येतात. विकणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. यातला बराच माल आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतो, दोन-तीन हात बदलतो आणि नाव वाटेतच गळून पडतं.

आपली अडचण अशी की झाड फुलावरून ओळखायची सवय असते. पिशवीतल्या रोपाला बहुधा फूल नसतं, आणि असलं तर त्याला भुलूनच आपण पैसे काढतो. म्हणून आजचं सूत्र एवढंच: फूल शोधू नका, पेर पाहा. पान जिथे दांड्याला जोडलेलं असतं ते पेर. फुलाचा हंगाम येतो आणि जातो, पेर बारा महिने समोर असतं. पूर्ण नाव नाही सापडलं तरी कुळ कळलं की खरेदीपुरतं काम भागतं.

पानं बसली कशी?

पहिली नजर पानांच्या मांडणीवर. पानं समोरासमोर जोडीनं आहेत, एकाआड एक आहेत, की एका पेरावर तीन-चार? एवढ्यानंच अर्धी शंका फिटते. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, घ्या. दोन्हींची पानं लांबट, अरुंद. पण कण्हेरीच्या एका पेरावर बहुधा तीन पानं असतात. बिट्टीची पानं एकेकटी, दांड्याभोवती फिरत वर चढतात. दोन्ही झाडं विषारी आहेत आणि ते विष हृदयावर परिणाम करतं. घरात रांगतं मूल असेल किंवा कुंपणाशी गाई-शेळ्या तोंड घालत असतील, तर दोन्ही नकोत.

दांडाही बोटांत फिरवून पाहा. तो चौकोनी लागला, पानं समोरासमोर असली आणि चुरडल्यावर वास आला, तर रोप बहुधा तुळशीच्या कुळातलं. सब्जा आणि पुदिना याच घरचे. कोलियसही इथलाच, फक्त त्याच्याकडे वासापेक्षा रंग जास्त.

तगर की अनंत?

पांढऱ्या फुलांच्या झाडांत सगळ्यात जास्त गफलत इथे होते. डबल तगर आणि अनंत, दोन्हींची पानं समोरासमोर, गडद आणि तकतकीत. नर्सरीवाल्याला विचारून एक जून पान देठापाशी मोडा. तगरीतून लगेच पांढरा चीक येईल, अनंतातून येणार नाही. मग अनंताचं पेर डोळ्यांजवळ धरा. दोन देठांच्या मधल्या जागेत दांड्याला बिलगलेला पातळ पापुद्रा दिसेल. शेंड्याकडे हिरवट, खालच्या पेरांवर वाळून तपकिरी झालेला. ही उपपर्णं. दोन देठांच्या मध्ये अशी उपपर्णं असणं ही कदंबाच्या कुळाची खूण आहे. एक्झोरा आणि मुसांडा त्याच कुळातले. एक्झोराच्या पेरावर ती टोकदार दिसतात.

ओळख पटली की निगाही कळते. अनंत आणि एक्झोरा या दोघांना किंचित आम्लधर्मी माती मानवते, म्हणून कोकणातल्या जांभ्या मातीत ते खुशीत वाढतात. देशावर चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी मिळालं की त्यांना मातीतलं लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तगरीचं असं काही नखरेल वागणं नसतं. तेव्हा अनंत समजून तगर आणली तर फार तर वासाला मुकाल. तगर समजून अनंत आणला आणि तसाच वाढवला तर झाड कुढत बसेल.

वास आणि उजेड

पान चुरडून हुंगणं ही जुनी युक्ती लिंबाच्या कुळाला फार उपयोगी पडते. पान उजेडाकडे धरलं की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबू, संत्रं, पपनस, कढीपत्ता आणि कुंती या सगळ्यांत त्या असतात. पुढची निवड देठावर: पपनसाच्या देठाला रुंद पंख असतो, जणू एका पानाखाली दुसरं छोटं पान, कागदी लिंबाच्या देठाला तो अगदी चिंचोळा. कढीपत्ता आणि कुंतीत गोंधळ झाला तर पर्णिका मोजा. कुंतीच्या एका पानात त्या थोड्या, साधारण तीन ते नऊ, आणि चकचकीत; कढीपत्त्यात बऱ्याच जास्त. शिवाय कढीपत्त्याचा वास कोणत्याही मराठी नाकाला शिकवावा लागत नाही.

कडुनिंब आणि बकाणनिंब यांचं गणितही असंच सुटतं. कडुनिंबाच्या मधल्या शिरेवर थेट पर्णिका येतात. बकाणात त्या शिरेला पुन्हा फाटे फुटतात आणि मग पर्णिका येतात.

चीक असलेलं पान मात्र हुंगायच्या भानगडीत पडू नका आणि तो हात डोळ्यांना लावू नका. थोराच्या कुळातला चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते.

एक कडं, दोन कुळं

काही रोपांच्या प्रत्येक पेरावर दांड्याभोवती पूर्ण गोल रेघ असते. शेंड्याची कोवळी पालवी जपणारं आवरण गळून पडल्याची ती खूण. हे कडं दिसलं आणि चीक नाही, तर सोनचाफ्याच्या कुळाचा संशय घ्या. कडं आहे आणि पान मोडल्यावर पांढरा चीकही आहे, तर ते वड-फणसाचं कुळ. शोभेचं म्हणून मिळणारं रबराचं झाड आणि व्हायोलिनच्या आकाराच्या पानांचं फिडल लीफ हे दोघेही वडाचे भाऊबंद. कुंडीत छान, पण भिंतीलगत जमिनीत लावलं की मुळं पाया आणि पाइप शोधत निघतात.

कलम की बियांचं रोप?

फळझाडात नुसतं नाव कळून भागत नाही. आंब्याच्या रोपावर मातीपासून थोडं वर तिरपा किंवा इंग्रजी ‘व्ही’सारखा सांधा आणि सालीच्या पोतात फरक दिसला, तर ते कलम. हापूसच्या कोयीतून आलेल्या झाडाला हापूसच लागेल याची खात्री नसते, त्यामुळे सांधा दिसला नाही तर हापूसचा भाव देऊ नका. संत्र्या-मोसंबीत सांध्याखालून, म्हणजे जंबेरीच्या खुंटातून, फूट आलेली असेल तर ती काढायची. नाहीतर वाढतो तो खुंट, आणि कलम मागे पडतं. सोनचाफ्याचंही तेच: बियांच्या रोपाला फुलं यायला कित्येक वर्षं लागतात, कलम लवकर फुलतं.

बियांच्या पपईत किंवा कोकमात मात्र पेर पाहूनही नर-मादी कळत नाही. त्यासाठी फुलाचीच वाट पाहावी लागते. ‘शंभर टक्के मादी आहे’ असं रोपाकडे नुसतं पाहून कोणी सांगितलं, तर ऐकून घ्यावं आणि पपईची दोन-तीन रोपं जास्त घ्यावीत. कोकमाचं मादी झाडावरून बांधलेलं कलमच मागावं.

पिशवीसुद्धा बोलते

ओळख पटल्यावर निवड. दोन रोपांतलं उंच सोडा, बुटकं आणि जाड बुंध्याचं घ्या. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील तर रोप तिथे फार काळ पडून आहे. उचलताना ती तुटतात. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. दांड्यावर मुंग्यांची ये-जा असेल तर आधी तोच शोधा. पिशवीतल्या मातीत लव्हाळा उगवलेला असेल तर तो फुकट मिळाला तरी नको. त्याच्या गाठी एकदा बागेत शिरल्या की पिच्छा सोडत नाहीत.

तरीही नाव सापडलं नाही तर

फोनमधली ॲपं मदत करतात, पण एकट्या पानाचा फोटो पुरत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि पेर असे तीन फोटो घ्या. रोपाच्या वयाचंही भान ठेवा: फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं कातरलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड. मोठी झाडं ताडून पाहायची तर पुण्यात एम्प्रेस गार्डन आणि मुंबईत भायखळ्याची राणीची बाग आहे; तिथल्या बऱ्याच झाडांवर पाट्या आहेत.

एवढं करूनही रोप तोंड उघडत नसेल आणि मनात भरलेलं असेल, तर खुशाल घ्या. फक्त ते कुंडीतच ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं, आणि फुलेपर्यंत जमिनीत लावू नका. कुंडीतलं झाड हलवता येतं, कंपाउंडलगत रुजलेलं तोडावं लागतं.

पुढच्या लेखांकात: पिशवी फाडल्यावर गुंडाळलेल्या मुळांचं काय करायचं आणि कुंडी किती मोठी घ्यायची. तोवर घरातल्याच चार झाडांची पेरं पाहून ठेवा.