विकत घेतला, पण मालक कोण?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या विद्यार्थी मित्रांपैकी पुष्कळजण हल्ली व्हिडिओ गेम दुकानातून आणीत नाहीत. घरबसल्या पैसे भरून इंटरनेटवरून उतरवून घेतात. दुकानातली डिस्क आणि हा उतरवलेला खेळ यांत फरक तो काय, असे कोणीही विचारील. पडद्यावर दिसणारा खेळ तर एकच! परंतु वाणिज्य शाखेच्या दृष्टीने पाहिल्यास हे दोन भिन्न व्यवहार आहेत. एकात विक्री होते, दुसऱ्यात केवळ परवाना मिळतो.

व्यापारी कायद्याच्या तासाला आपण माल विक्री कायदा, १९३० शिकतो. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे विक्री म्हणजे किंमत घेऊन मालाची मालकी दुसऱ्याकडे देणे. मालकी आली की वस्तू उसनी देता येते, विकता येते, वारसालाही ठेवता येते. आपली वापरलेली पाठ्यपुस्तके आपण खालच्या वर्गातील मुलांना निम्म्या किमतीत देतो, ती याच अधिकाराने. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या पुस्तकावर ‘एका डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये’ असे छापले होते. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रत एकदा विकली गेल्यावर तिच्या पुढील किमतीवर कॉपीराइटच्या जोरावर हुकूम चालवता येणार नाही.

मग डिस्कवरचा प्रोग्रॅम हा माल आहे काय? टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य हा खटला विक्रीकराचा होता. पण २००४ साली त्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिस्कसारख्या माध्यमावर उतरवलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च होय, असे म्हटले.

उतरवलेल्या खेळाचे तसे नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली ‘स्टीम’ हे इंटरनेटवरील दुकान सुरू केले. तेथे पैसे भरण्यापूर्वी जो करार आपण न वाचताच मान्य करतो, त्यात खेळ विकला जात नसून वापरण्याचा परवाना दिला जातो, असे स्पष्ट लिहिलेले आहे. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे घर विकत घेण्यासारखे नसून ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहण्यासारखे आहे.

याचा हिशेब पाहू. समजा, डिस्क ४,००० रुपयांस घेतली आणि खेळून झाल्यावर २,००० रुपयांस विकली. खरा खर्च २,००० रुपये. तोच खेळ ३,२०० रुपयांस उतरवून घेतला, तर वरवर स्वस्त दिसतो. पण परत काहीच येत नाही, म्हणून खर्च पुरता ३,२०० रुपये. शिवाय डिस्कच्या फेरविक्रीत दुसऱ्या मुलाला खेळ स्वस्तात मिळतो आणि दुकानदारालाही दोन पैसे सुटतात.

उतरवण्याच्या पद्धतीचे फायदेही मान्य केले पाहिजेत. ज्या गावात असे दुकानच नाही तेथील मुलालाही खेळ त्याच दिवशी मिळतो, डिस्कवर ओरखडे पडण्याची भीती नाही, आणि सवलतीच्या दिवसांत किमती फार उतरतात. सवलतीत खेळ ४०० रुपयांस मिळाला, तर वरचा हिशेब उलटा होतो.

मात्र डिस्क हातात असली म्हणजे सर्व सुरक्षित, असेही आता राहिलेले नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनसाठी दर २४ तासांनी इंटरनेटची जोडणी आणि जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधने जाहीर केली. ग्राहकांनी एवढा गहजब केला की जूनमध्येच ती मागे घ्यावी लागली. पण युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या २०१४ सालच्या मोटार शर्यतीच्या खेळाचे काय झाले? तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही खेळ संपला. निन्टेन्डोच्या २०२५ च्या स्विच २ साठी काही खेळांचे असे कार्ड मिळते, ज्यात पूर्ण खेळ नसून केवळ किल्ली असते. खेळ इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. एवढे खरे, की ते कार्ड दुसऱ्याला देता येते.

कायद्यालाही याची दखल घ्यावी लागली आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, मिळतो तो केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा मालापुढे ‘विकत घ्या’ असे लिहिता येत नाही. उलट पोलंडमधील ‘जीओजी’ हे दुकान २००८ पासून कुलूप नसलेल्या फायली देते. त्या आपल्याजवळ जपून ठेवता येतात. म्हणजे दोष इंटरनेटचा नव्हे, कराराच्या अटींचा आहे.

मी घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो. मराठीत आपण ‘पेन घेतले’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘पेन तगोंडे’. दोन्हीकडे ‘घेणे’ हाच शब्द विकत घेण्यालाही चालतो, कारण घेतलेली वस्तू हातात येते आणि हातातच राहते, असे आपण धरून चालतो. तेव्हा मित्रहो, पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा खेळ पुढे विकता येईल काय? इंटरनेटशिवाय चालेल काय? कंपनीने उद्या सर्व्हर बंद केले, तर माझ्याजवळ काय उरेल? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर आपण खरेदी करीत नसून भाडे भरीत आहोत असे समजावे, आणि भाड्याइतकीच रक्कम मोजावी.