घरखरेदी : आधी कागदपत्रांची तपासणी, मग पैसा

वरळीतील कॅम्पा कोला वसाहतीतील अनेक कुटुंबे दोन दशकांहून अधिक काळ आपापल्या सदनिकांत राहत होती. तरीही मंजुरीपेक्षा जास्त बांधलेले मजले सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये अनधिकृत ठरविले आणि जून २०१४ मध्ये तेथील पाणी, वीज व गॅसपुरवठा तोडण्यात आला. पैसे भरले, ताबा मिळाला, म्हणजे घर कायदेशीर झाले असे नव्हे, हाच या प्रकरणाचा धडा. आयुष्यभराची पुंजी गुंतविणाऱ्या ग्राहकाने म्हणूनच टोकन देण्यापूर्वी कागदपत्रे तपासणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न जमिनीच्या मालकीचा. सातबारा उतारा अथवा शहरातील मालमत्ता पत्रक हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ती महसुली नोंद आहे. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा, कूळ वा वारसांची नोंद आहे का, हे पाहावे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास हस्तांतरणावर निर्बंध असतात. वकिलाकडून साधारणतः ३० वर्षांचा शोध अहवाल घेण्याची पद्धत याचसाठी आहे. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

दुसरा प्रश्न इमारतीचा. मंजूर आराखडा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि तयार इमारत असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मागावे. आपला मजला मंजूर आराखड्यात आहे का, याची खातरजमा करावी. नव्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रकल्पावरील कर्ज, न्यायालयीन वाद आणि पूर्णत्वाची तारीख तेथे आवर्जून वाचावी. मात्र नोंदणी क्रमांक म्हणजे निर्दोष मालकीची हमी नव्हे. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणून निश्चिंत होणेही तितकेच धोक्याचे. बँक तपासणी करते ती स्वतःच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी.

तिसरा प्रश्न पैशांचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार विक्री करारनामा नोंदविल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. कच्च्या पावतीवर किंवा रोखीने दिलेली रक्कम वाद उद्भवल्यास सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. दर चटई क्षेत्रावर ठरवून घ्यावा. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि वाहनतळ यांचा खर्च आधीच जोडावा. करारातील मुदतीत ताबा न मिळाल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण तो बजावण्यासाठी हाती नोंदणीकृत करारनामा असणे हिताचे.

'आजच बुकिंग केले नाही तर दर वाढेल' हे वाक्य बहुतेक विक्री कार्यालयांत ऐकू येते. चार दिवस थांबून वकिलाला कागदपत्रे दाखविल्यास फार तर एखादी सदनिका हातची जाईल. घाई केल्यास मात्र पुंजीच जाण्याची भीती असते.