तापाचा चौथा रुग्ण

लावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात ताप आला की पहिले दोन दिवस तो मलेरिया, डेंग्यू की लेप्टो हे सांगणं अवघड असतं. तिन्हींची सुरुवात सारखीच होते. रक्ताचा अहवाल येईपर्यंत साथ पुढे सरकलेली असते. म्हणून रोगाचं नाव कळायच्या आधीच लक्षणं मोजायला लागायचं, यालाच लक्षणाधारित देखरेख म्हणतात.

नोंद कुठून सुरू होते

भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण २००४ मध्ये सुरू झालं. उपकेंद्रातली आरोग्यसेविका ताप, खोकला, जुलाब, कावीळ अशी लक्षणं 'एस' फॉर्मवर लिहिते. डॉक्टरांचा फॉर्म 'पी', प्रयोगशाळेचा 'एल'. पूर्वी हे आकडे आठवड्याने वर जात. ५ एप्रिल २०२१ पासून देशभर 'आयएचआयपी' ही संगणकप्रणाली आली आणि गावनिहाय नोंद त्याच दिवशी करता येऊ लागली.

संगणक इशारा कधी देतो

एक सोपी पद्धत अशी: मागच्या सात दिवसांची सरासरी काढायची आणि तिच्यात प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवायची. समजा, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात आठवडाभर रोज १, २, ०, १, २, १, ० असे तापाचे रुग्ण आले. सरासरी १, विचलन सुमारे ०.८, मर्यादा साडेतीनच्या जरा खाली. आठव्या दिवशी चौथा रुग्ण आला की इशारा. मुंबईत चार तापकरी कुणाच्या गणतीतही नसतात. इथे ते पुरेसे आहेत. अर्थात एवढ्या लहान आकड्यांत खोटे इशारेही येतात, म्हणून 'सॅटस्कॅन'सारखं सॉफ्टवेअर शेजारची गावं एकत्र धरून बघतं.

माकड मेलं, ते कोण लिहिणार?

२०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्याच दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडींतून पसरतो. माणसाच्या तापाआधी बऱ्याचदा रानात माकडं मरून पडतात. माझ्या मते हाच खरा पहिला आकडा, आणि तो तापाच्या रकान्यात कधीच येत नाही. वनरक्षकाने किंवा काजूच्या बागेत गेलेल्या बाईने तो आशाताईला सांगावा लागतो.

पत्ता घरचा, ताप रानातला

पिंगुळीचा मजूर काजूच्या हंगामात दोडामार्गला जातो, तापाने फणफणत घरी येतो आणि कुडाळच्या दवाखान्यात दाखवतो. घरच्या पत्त्यावरून नकाशावर ठिपका पिंगुळीत पडतो. गोचिडी दोडामार्गच्या रानात. केसपेपरवर पत्त्याखाली आणखी एक ओळ हवी: गेल्या पंधरा दिवसांत कामाला कुठे गेला होतात?